सरपंचबाईंचं तिसरं

स्वप्ना सरपंच झाली ती चिठ्ठीनं.

निवडणूक जानेवारीत झाली, करोनाची पहिली लाट ओसरल्यावर. बौद्धवस्तीच्या वॉर्डातून ती बिनविरोध आली, कारण त्या जागेवर उभी राहील अशी बारावी झालेली दुसरी बाई वस्तीत नव्हती. मग तालुक्याला सरपंचपदाची सोडत निघाली. काचेच्या बरणीत चिठ्ठ्या होत्या. शाळेतल्या एका मुलीनं बरणीत हात घातला आणि एक बाहेर काढली. अनुसूचित जाती, महिला. नव्या पंचायतीत अशी बाई एकच होती.

वस्तीनं निळा गुलाल उधळला. सासू, बायडाबाई, दारातच बसून होती. तिनं सुनेच्या कपाळाचा गुलाल पदरानं पुसला.

"डोळ्यात जाईल," ती म्हणाली. "आता डोळं उघडं ठिवून बसायचंय तुला."

लोणीच्या पुढं, आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या टापूत त्यांचं गाव. वस्ती गावाबाहेर, गायरानात. वस्ती तिथं कशी आली हे बायडाबाईला ठाऊक होतं. सत्तावन्न साल असावं. तेव्हा ती या गावची नव्हती, पण माहेरच्या गावातही तेच घडलं होतं. बापानं घरातले देव टोपलीत भरले आणि घोडनदीत सोडले. मेलेली जनावरं ओढायची नाहीत असं ठरलं. मग गावानं पीठ बंद केलं, पाणी बंद केलं, आणि माणसं उठून गायरानात आली. सासरी आली तेव्हा इथंही तीच गोष्ट तिला ऐकायला मिळाली.

"देव गेलं तवा मी रडले," ती नातवंडांना सांगायची. "बाप म्हणला, आता शपथ घालायला कोण न्हाई. आपलं तोंड हाच पुरावा. तोंड जपायचं."

त्या गायरानावर आता सरकारची नजर होती. गायरानातली अतिक्रमणं काढायची, असं कोर्टाचं म्हणणं असल्याचं सगळीकडं बोललं जात होतं. साठ-पासष्ट वर्षं ज्या जागेवर चुली पेटल्या, ती कागदावर कोणाचीच नव्हती. घरं नियमित करून घ्यायची तर पंचायतीचा ठराव हवा. ठरावाला सरपंच हवा. म्हणून तो गुलाल होता.

मार्चमध्ये स्वप्नाला कळलं की ती चौथ्या महिन्यात आहे.

अशक्तपणामुळं पाळी चुकली असेल असं तिला वाटत राहिलं होतं. घरात करोना होऊन गेला होता, सगळ्यांच्याच अंगात त्राण नव्हतं. तिला दोन मुलं होती. मोठा अनिकेत, धाकटी श्रावणी. आता हे तिसरं.

पंचायतीचा कायदा साधा आहे. दोनापेक्षा जास्त मुलं असली तर पद राहत नाही. तिसरं दत्तक दिलं तरी चालत नाही.

रविंद्रनं, तिच्या नवऱ्यानं, रात्रीच्या जेवणाला ताटावर बसल्यावर विचारलं, "काढून टाकायचं का?"

"हललंय ते," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो कांद्याची पिकअप चालवायचा. बोलणं कमीच.

दुसऱ्या दिवशी ते विहारात बसले. विहार म्हणजे पत्र्याची एक खोली, आत दोन मूर्ती आणि गोल गुंडाळून ठेवलेली सतरंजी. नानासाहेब आले होते. निवृत्त शिक्षक, वस्तीत त्यांना सगळे गुरुजी म्हणत. वस्तीचा प्रत्येक अर्ज त्यांच्याच हातचा असायचा.

"राजीनामा देते मी," स्वप्ना म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला. "दे. तुला कोण अडवणार, पोरी? फक्त पुन्हा निवडणूक लागायला सहा महिने तरी जाणार. तवर कारभार उपसरपंचाकडं."

उपसरपंच म्हणजे भगवंत. पुढं बोलायची गरज नव्हती. गायरान गावच्या जनावरांचं आहे, असं भगवंत चारचौघांत म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. त्याचा गोठा गावात सगळ्यात मोठा होता एवढंच.

मग रविंद्र सतरंजीकडं बघत म्हणाला, "जयाक्काला मूल न्हाई."

जया स्वप्नाची थोरली बहीण. शिनोलीला दिलेली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. पुण्याचे डॉक्टर झाले, ओळखीचे वैद्य झाले. जयाचा नवरा नवनाथ सरळ माणूस होता, त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण शिनोलीच्या बायका बारशाला जयाला बोलवायच्या विसरायच्या.

"पाच वर्षांची तर मुदत हाय," रविंद्र म्हणाला. "मग आपलं आपण आणू."

गुरुजींनी मान डोलावली. बायडाबाईनं डोलावली नाही, पण नकोही म्हणाली नाही. स्वप्नानं वस्तीकडं पाहिलं. दारातून दिसत होती तेवढी. कुडाच्या भिंतींच्या जागी विटांच्या आलेल्या, पत्र्यावर दगड ठेवलेले. तिनं हो म्हटलं. हे तिला नंतर कोणी विसरू दिलं नाही, आणि तीही विसरली नाही. हो तिनंच म्हटलं होतं.

जयाशी बोलायला रविंद्र एकटाच गेला. त्यानं विचारलं, "सांभाळाल का?" जया म्हणाली, "सांभाळीन की, दाजी." मग तिनं चहा टाकला. एवढंच बोलणं झालं. सांभाळणं म्हणजे किती दिवस, हे त्यानं सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. घरच्या माणसांत असलं बोलून घेत नाहीत. बोलून घेतलं तर विश्वास नाही असा अर्थ निघतो.

करोनाची दुसरी लाट आली, त्यामुळं झाकलं गेलं. सभा बंद होत्या. ग्रामसेवक सह्यांसाठी घरी यायचे आणि अंगणात लांब उभे राहायचे. स्वप्ना तोंडाला मास्क लावून, सैल गाऊनवर ओढणी घेऊन दारातच सही करायची. शेवटचे दोन महिने ती शिनोलीला होती. बहीण आजारी आहे, असं गावात सांगितलं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला एका खासगी दवाखान्यात मुलगी झाली. नाव विचारलं तेव्हा स्वप्नानं जयाचं सांगितलं. आडनाव, गाव, नवऱ्याचं नाव, सगळं जयाचं. कळा चालू असताना तिला ते नीट आठवत होतं, चुकलं नाही.

स्वातंत्र्यदिनाला झेंडा सरपंचानं लावायचा होता. ती आदल्या दिवशी परत आली. छाती कापडानं घट्ट बांधलेली. शाळेच्या पटांगणात मोजकी माणसं होती. तिनं दोरी ओढली, झेंडा सुटला, फुलं पडली. राष्ट्रगीत सुरू झालं आणि कोणाचं तरी तान्हं मागं रडलं. ब्लाऊज ओला झालेला तिला कळला. हात खाली घेता येत नव्हता. राष्ट्रगीत संपेपर्यंत ती तशीच सलामीत उभी राहिली. मग पदर पुढं घेतला.

भगवंत शेजारीच होता. त्यानं पाहिलं की नाही हे तिला कधी कळलं नाही.

"सरपंचबाई, तब्येत उतरली तुमची," तो म्हणाला. "जपा जरा."

मुलीचं नाव जयानं यशोधरा ठेवलं. बारशाला शिनोलीच्या सगळ्या बायका आल्या. स्वप्ना मावशी म्हणून गेली, पाळण्याची दोरी तिनं ओढली. जयाचं अंग त्या वर्षात भरलं. आवाज मोठा झाला. ती पोरीला कडेवर घेऊन चौकात भाजी आणायला जायची, घरामागं वाफ्यात भाजी असली तरी.

स्वप्ना दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी जायची. जास्त गेलं की लोक बघतात. पोरगी रांगायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली. "मावशी" हा शब्द तिला लवकर आला. जया कौतुकानं म्हणाली, "बघ, आईच्या आधी मावशी शिकली."

स्वप्ना हसली. हसायचं असतं म्हणून.

इकडं ती काम करत होती. ग्रामसभेत घरांचा ठराव आला तेव्हा आरडाओरडा झाला. "गाईंनी कुठं जायचं मग, सरपंचबाईंच्या घरी?" कोणीतरी मागून म्हणालं. हशा पिकला. स्वप्ना म्हणाली, "या की. वैरण घेऊन या फक्त." तिच्या बाजूनंही लोक हसले आणि ठराव झाला. ठरावाच्या बाजूनं होते बौद्धवस्तीतले सगळे, धनगरवाड्यातले बरेच, आणि कळंबच्या बाजारात दुकान असलेले शांतीलाल शेठ, ज्यांचं मत गावात होतं. शेठ जाताना म्हणाले, "घर ते घर, बाई. त्यात धर्म नसतो." ती घरी येऊन जेवली, तेव्हा बऱ्याच दिवसांनी तिला चव लागली.

ठराव वर गेला आणि वरच राहिला. आज साहेब नाहीत, उद्या मोजणी आहे, परवा आचारसंहिता. तिनं गुरुजींना विचारलं, "आता देऊ का राजीनामा? ठराव तर झाला." गुरुजी म्हणाले, "कागद हातात पडू दे. आणखी थोडं."

मग भगवंतनं तक्रार केली. सरपंचबाईंना तिसरं अपत्य आहे, ते शिनोलीला वाढतंय.

त्याच्याकडं कागद नव्हता. कुजबुज होती. दवाखान्यात आई म्हणून जयाचं नाव होतं, शिनोलीला सगळ्यांच्या तोंडात जयाचंच. वकील म्हणाले, "सुनावणीला कलेक्टरसाहेब तुम्हाला विचारतील. एका वाक्यात उत्तर द्यायचं. ती माझी मुलगी नाही. पुढं काही बोलू नका."

आदल्या दिवशी स्वप्नानं सासूला विचारलं, "आत्या, काय करू?"

बायडाबाई तांदूळ निवडत होती. "मला नको इचारू," ती म्हणाली. "मला ह्या घरात मरायचंय. माझं उत्तर खरं न्हाई येणार."

पुण्याला सगळे गेले. रविंद्र, गुरुजी, वस्तीतले सात-आठ जण. शिनोलीहून जया आणि नवनाथ आले होते. पोरीला शेजारणीकडं ठेवलं होतं. जयाचा चेहरा पांढरा पडला होता. ती स्वप्नापासून लांबच्या बाकावर जाऊन बसली.

आत शपथ घ्यायची वेळ आली. कारकुनानं सवयीनं "ईश्वरसाक्ष" म्हणून सुरुवात केली. स्वप्ना म्हणाली, "मी गांभीर्यपूर्वक म्हणते." साहेबांनी मान हलवली. वस्तीत असंच म्हणतात. देव साक्षीला नसतो, माणूस स्वतःच असतो.

"शिनोलीची यशोधरा ही मुलगी तुमची आहे का?"

पंखा फिरत होता. रोज सकाळी विहारात ती वस्तीच्या पोरांकडून पंचशील म्हणवून घ्यायची. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिला वाटलं, खरं बोलावं. खरं बोललं की पद जाईल, गायरान जाईल, पण पोरगी तिची आहे हे एकदा तरी मोठ्यानं म्हटलं जाईल. सरकारी माणसापुढं, लिहून घेतलं जाईल. ते सुख तिला जिभेपर्यंत आलेलं जाणवलं.

मागं बाकावर वस्ती बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "ती माझ्या बहिणीची मुलगी आहे."

तक्रार फेटाळली गेली. बाहेर व्हरांड्यात सगळ्यांनी एकमेकांना जय भीम घातला. गुरुजींनी डोळे पुसले. जया गर्दीतून आली आणि खाली वाकून तिनं धाकट्या बहिणीचे पाय धरले. सोडेचना.

"लई भ्याले व्हते मी," जया म्हणाली. "वाटलं, तू आता म्हणशील. घेऊन जाशील. आता कोण नेत न्हाई तिला. तू साहेबांम्होरं सांगितलंस."

स्वप्ना तिच्या केसांकडं बघत उभी राहिली. तेव्हा तिला कळलं की पाच वर्षांचं जयाला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर विहारात चौथ्या शिलाला तिचा आवाज बंद व्हायचा. पोरं पुढं म्हणत जायची. एके दिवशी बायडाबाईनं तिला बाहेर गाठलं.

"म्हण," ती म्हणाली. "मोडतंय म्हणून तर रोज घ्यायचं. न मोडणाऱ्याला एकदाच पुरलं असतं."

"मोडलं म्हणून नाय, आत्या. ते म्हणताना ती दिसते."

बायडाबाईनं तिच्या हाताला धरलं आणि घरी नेलं.

पुढच्या वर्षी घरांचे कागद आले. मंडप घातला, पुढारी आले, भाषणं झाली. फ्लेक्सवर स्वप्नाचा फोटो कोपऱ्यात होता. बायडाबाईनं आपला कागद उलटा धरला होता, कोणीतरी सरळ करून दिला. भगवंत कार्यक्रमाला आला नाही. त्यानं पुढं अपील केलंय असं ऐकू आलं.

मुदत संपली. पंचायतीवर प्रशासक आला. स्वप्ना पुन्हा नुसती स्वप्ना झाली. त्याच आठवड्यात ती शिनोलीला गेली. रविंद्र पिकअप घेऊन सोबत आला.

"चार दिवस नेते तिला," ती जयाला म्हणाली.

जयानं हातातलं काम सोडलं. मग आत गेली आणि पोरीचे कपडे पिशवीत भरून घेऊन आली.

"तुझीच हाय," ती म्हणाली. "मी काय न्हाई म्हणणार? आधी सांगायचं व्हतंस फक्त. मी तसा जीव लावायला शिकले असते."

नवनाथ घराबाहेर निघून गेला.

यशोधरा खुशीत गाडीत बसली. गाडीचं तिला वेड होतं. लोणीपर्यंत ती बडबड करत होती. घरी बायडाबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या पायाची बोटं एकेक करून पाहिली. अनिकेतनं तिला मोबाईल दिला. श्रावणीनं वेणी घालून दिली. स्वप्नानं गुळाच्या पोळ्या केल्या. एक दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारणी आल्या. बघायला म्हणून आल्या, पण दारातच उभ्या राहिल्या. "गोड हाय," एक म्हणाली. "मावशीवर गेलीय." त्या 'मावशी'च म्हणाल्या. पाच वर्षं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. आताही काढत नव्हत्या.

संध्याकाळी गुरुजी आले. चहा घेतला. मग कप खाली ठेवला.

"पोरगी किती दिवस आहे?"

"राहील की, गुरुजी."

"भगवंतचं अपील आहे. तू खोटं बोललीस असं ठरलं तर तुझं जे व्हायचं ते होईलच. पण त्या ठरावावर सही तुझी. तो म्हणेल, सरपंचच खोटी, तर ठराव कसला खरा. चालेल न चालेल, पण पुन्हा दहा वर्षं कोर्टात. मी तुला हे सांगायला यायला नको होतं. कोणीतरी यायलाच पाहिजे होतं."

"मी काय करू म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही, पोरी. बाकीच्यांनी पाठवलं."

ते उठले. दारात अडखळले. रविंद्रनं त्यांना हात दिला, पण तो त्यांच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगी रडायला लागली. आधी हळू, मग हुंदके देत. आई पाहिजे. स्वप्नानं तिला पोटाशी धरलं तर ती हातांनी ढकलत होती. "तू नको. आई." स्वप्ना तिला घेऊन मागच्या पडवीत गेली, ओवा चावून पोटाला लावला, गोष्ट सांगितली, आकाशातलं विमान दाखवलं. शेवटी पोरगी दमून तिच्याच खांद्यावर झोपली, तोंडात तोच शब्द घेऊन. स्वप्ना हलली नाही. खांदा दुखून बधिर झाला तरी हलली नाही. तेवढंच वजन तिला मिळणार होतं.

चौथ्या दिवशी ते तिला घेऊन निघाले. वस्तीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. कोणी हात केला नाही.

शिनोलीला जया ओट्यावरच बसली होती. चार दिवस ती तिथंच बसली असावी असं वाटलं. पोरगी गाडीतून उतरली आणि धावली. जयानं तिला घेतलं, आणि मग भीतभीत बहिणीकडं पाहिलं. स्वप्नानं पिशवी ओट्यावर ठेवली. कपडे धुऊन आणले होते.

"राहू दे तुझ्याकडं," ती म्हणाली. "कायमची."

जयानं पोरीला खाली उतरवलं. आत जाऊन स्टोव्ह पेटवला, बहिणीसाठी काहीतरी तळायला घेतलं. दोघींना दुसरं काय करावं सुचत नव्हतं. रविंद्र गाडीतच बसून राहिला.

पोरगी घरामागं गेली. शेळीचं करडू होतं तिथं. थोड्या वेळानं तिची हाक आली. "आई." करडानं काही केलं असेल, किंवा काही दाखवायचं असेल. "आई, ये ना."

आत तेल तडतडत होतं. जयाला ऐकू गेलं नाही.

पुन्हा हाक आली. स्वप्ना पायरीवर बसली होती. ओ तिच्या तोंडात आली होती. तिनं ती गिळली, उठली, आणि आत डोकावली.

"आक्का," ती म्हणाली, "तुला बोलावतीय."